सिंहगडाच्या छायेतील नवा अध्याय

स्त्रियांनी प्रत्यक्ष रणांगणावर उतरावे की नाही, हा वाद निघाला म्हणजे आपल्या सभांतून ताराराणी व झाशीच्या लक्ष्मीबाई यांचे स्मरण हटकून केले जाते. त्यात गैर काहीच नाही. परंतु त्या स्मरणाने नेमके काय सिद्ध होते, याचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

छत्रपती राजाराम महाराज २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर निवर्तले. ताराबाईंचे वय त्या वेळी पंचविशीच्या आसपास होते आणि पुत्र अजाण होता. औरंगजेब स्वतः महाराष्ट्रात तळ देऊन एकेक किल्ला घेत होता. १७०३ साली सिंहगडही त्याच्या हाती गेला. तरी १७०७ मध्ये बादशहा मरेपर्यंत या राणीने सरदारांना हाताशी धरून युद्ध चालविले, आणि मराठी फौजा नर्मदेपलीकडे धाडल्या. खाफीखानासारख्या मोगलपक्षाच्या इतिहासकारानेही तिच्या बुद्धीची तारीफ केली आहे. पुण्याजवळच्या तळेगावच्या उमाबाई दाभाडे यांची कथा याहून दारुण. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत पुत्र त्रिंबकराव पडले, तेही बाजीराव पेशव्यांच्या, म्हणजे स्वकीयांच्याच फौजेकडून! सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांस मिळाले. कारभार मात्र मातोश्रींनी पाहिला. पुढे पिलाजी गायकवाडांचा दग्याने खून झाला, तेव्हा उमाबाई स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेल्या.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. या दोघींच्याही हाती सत्ता आली ती वैधव्यानंतर, घरातील कर्ता पुरुष गेल्यावर. राजघराण्यात वा सेनापतीच्या वाड्यात जन्म वा विवाह, हीच त्यांची वाट. सामान्य घरच्या कन्येस त्या काळी तशी वाट नव्हती. अपवाद १९४३ साली सुभाषबाबूंनी सिंगापुरात उभारलेल्या झाशीची राणी पलटणीचा. तीत कित्येक साध्या घरच्या मुली होत्या.

स्वतंत्र भारतात ही वाट फार सावकाश उघडली. वैद्यकीय व परिचर्येच्या शाखा सोडल्यास लष्करात स्त्री अधिकाऱ्यांची भरती १९९२ पासूनची. वायुदलात पहिल्या तीन लढाऊ वैमानिक स्त्रिया जून २०१६ मध्ये दाखल झाल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा मुलींस खुली झाली, आणि ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या संचलनभूमीवरून पहिल्या १७ युवती तीनशेहून अधिक युवकांसमवेत बाहेर पडल्या. तेथून सिंहगड दिसतो!

पायदळ व रणगाडा दल मात्र स्त्री अधिकाऱ्यांस अद्यापि बंदच आहे. शरीरबळाचा व शत्रूच्या कैदेतील विटंबनेचा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण कैदेचे भय वैमानिक स्त्रीस नाही काय? आणि शरीरबळ तर कसोटीने मोजता येते. कसोटी दोघांस एकच ठेवावी, उतरेल तिला घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरी अडचण आम्हांस दिल्लीपेक्षा आपल्या माजघरात अधिक दिसते. प्रबोधिनीत प्रवेश साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात, तोही अविवाहितांसच मिळतो. आणि नेमक्या त्याच वयात आपल्या कित्येक घरांतून कन्येच्या स्थळांची बोलणी सुरू होतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते. गणित व इंग्रजीची तयारी मात्र दहावीनंतर लगेच धरावी लागते.