क्नेझ लाझारचें संतपद

सर्ब लोकांच्या देवळांतून ज्या राजपुरुषांच्या प्रतिमांपुढें दिवे लावले जातात, त्यांत लाझार ह्रेबेल्यानोविच ह्याची कथा कांहीं निराळीच आहे. राजकुळांत त्याचा जन्म नाहीं. लोकगीतें त्याला ‘झार’ म्हणतात खरीं, पण त्याची पदवी ‘क्नेझ’, म्हणजे राजाच्या खालची, होती. आणि ज्या लढाईनें त्याचें नांव अमर केलें, तींत तो शत्रूच्या हातीं सांपडून शिरच्छेद पावला. अशा मनुष्याला संतपद मिळालें तें कसें?

गीतांतला लाझार भोळा व ईश्वरपरायण आहे. इतिहासांतला लाझार चांगलाच धोरणी होता. सम्राट दुशान 1355 सालीं वारल्यावर त्याचें राज्य सरदारांनीं वांटून घेतलें, आणि 1371 त मारित्सा नदीकांठीं तुर्कांनीं त्यांतील दोघां प्रबळांचा निकाल लावला. लाझार त्या लढाईंत नव्हता. उरलेल्या प्रतिस्पर्ध्यांस त्यानें एकामागून एक दूर सारलें, नोवो ब्रदोच्या रुप्याच्या खाणी मिळविल्या, मुली देऊन शेजाऱ्यांशीं सोयरिकी जोडल्या. दुशाननें आपल्या धर्माध्यक्षाची पदवी परस्पर वाढविल्यामुळें कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपीठानें सर्बांवर बहिष्कार घातला होता. तें भांडण लाझारच्या कारकीर्दींत, 1375 सालीं, मिटलें. रावानित्सा येथें त्यानें मठहि बांधला. भिक्षुवर्ग त्याचा ऋणी होता, ही गोष्ट पुढें उपयोगी पडली.

15 जून 1389 रोजीं कोसोवोच्या मैदानावर सुलतान मुराद मारला गेला आणि लाझारहि. जय कोणाचा, हें त्या वेळीं कोणासहि नीट उमगलें नव्हतें. बोस्नियाचा राजा त्वर्त्को ह्यानें तर फ्लॉरेन्सला विजयाची वार्ता धाडली, व तेथून अभिनंदन आलें! परंतु सुलतानाच्या मागें दुसरें सैन्य उभें राहूं शकत होतें. लाझारच्या मागें विधवा मिलित्सा आणि अज्ञान मुलें होतीं. मिलित्सेनें तुर्कांचें मांडलिकत्व पत्करलें. धाकटी मुलगी ओलिवेरा मुरादच्या पुत्राच्या, बायझीदच्या, जनानखान्यांत गेली. मुलगा स्टेफान 1396 त निकोपोलिस येथें आणि 1402 त अंकारा येथें त्याच बायझीदच्या बाजूनें लढला.

ह्याच अवघड वर्षांत लाझारचा देह प्रिश्टिना येथून रावानित्सास नेण्यांत आला, त्याच्यावर स्तुतिलेख रचले गेले, आणि तो हुतात्मा ठरला. बापाच्या मारेकऱ्यांची चाकरी करणाऱ्या घराण्याला बाप संत असणें किती आवश्यक होतें, हें सांगावयास नको. तरी ह्याला निव्वळ राजकारण म्हणणें मला अन्यायाचें वाटतें. मारित्सेच्या लढाईंत पति गमावलेली येफिमिया नांवाची जोगीण मिलित्सेच्या आश्रयास राहत होती. तिनें तांबड्या रेशमावर सोन्याच्या तारेनें लाझारची स्तुति भरली. त्याच्या देहावर घालावयाचें तें वस्त्र. त्यांत ती संताला, आपल्या पोरक्या लेंकरांना विसरूं नको, असें विनविते. दरबारी भाटाची ही भाषा नव्हे. एका विधवेनें दुसरीच्या मुलांसाठीं घातलेलें तें गाऱ्हाणें आहे.

गीतांनीं पुढें ह्याहून मोठी झेप घेतली. लढाईच्या आदल्या रात्रीं यरुशलेमहून पक्षी येतो, ऐहिक राज्य हवें कीं स्वर्गीचें असें विचारतो, आणि लाझार दुसरें निवडतो! पराभवाचा असा स्वेच्छेचा त्याग झाला. पण स्वेच्छेनें हरलेल्या सैन्यालाहि एक दगलबाज लागतोच. तो मान लाझारचा जांवई वूक ब्रांकोविच ह्यास मिळाला. आरंभींच्या लेखांत त्याच्या फितुरीचा मागमूस नाहीं. त्याच्यावर नांवानिशीं ठपका ठेवणारा ओर्बिनीचा ग्रंथ 1601 चा आहे. मिलित्सा नमली त्यानंतरहि दोनएक वर्षें हा वूक तुर्कांस दाद देत नव्हता, आणि शेवटीं तो त्यांच्याच कैदेंत मेला. इतिहासाच्या अध्यापकाला गीतांशीं भांडण्याची खोड असते हें खरें. पण वूकच्या वतीनें कोणीं तरी भांडलें पाहिजे. एक संत घडवितांना एका माणसाला चारशें वर्षें शिव्या खाव्या लागल्या आहेत.

लाझारच्या देहालाहि स्वस्थता लाभली नाहीं. 1690 त तुर्कांच्या भयानें पळणाऱ्या भिक्षूंनीं तो हंगेरींत नेला, तेथून 1697 त व्र्दनिकच्या मठांत आणला. 1942 त महायुद्धाच्या धामधुमींत तो बेलग्रेडला आला. लढाईस सहाशें वर्षें झालीं तेव्हां, 1989 सालीं, राजकारणी पुरुष कोसोवोवर जंगी सभा भरवून त्याच्या नांवानें लोकांस चेतवीत होते. त्याच वर्षीं तो देह रावानित्सास परत पोंचला. येफिमियेचें वस्त्र मात्र आतां त्याच्यावर नाहीं; तें बेलग्रेडच्या धर्मसंग्रहालयांत आहे.