हेटाळणीची नावे आणि निर्मलचा वड

चळवळीस विरोधकांनी दिलेले कुचेष्टेचे नाव अपमानास्पद मानावे काय? इतिहासाचे उत्तर एकेरी नाही. 1566 मध्ये ब्रुसेल्स येथे अर्ज घेऊन आलेल्या सरदारांस दरबारातील एकाने ‘भिकारी’ म्हटले. त्यांनी तेच नाव अभिमानाने धारण केले. लोकमान्य टिळकांस ‘तेल्यातांबोळ्यांचे पुढारी’ म्हणून हिणवण्यात आले. पुढे तो गौरव ठरला. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे (1943–46) ‘पत्री सरकार’ झाले आणि तळपायांस पत्रे ठोकल्याच्या कथेने त्या नावास दहशतीचा रंग चढला. तथापि 1957 मध्ये साताऱ्याने नाना पाटलांस लोकसभेवर निवडून दिले.

परंतु टोमण्यास उत्तर देण्यासाठी ही माणसे मागे उरली होती. निर्मल परिसरात लढलेले रामजी गोंड आणि त्यांचे गोंड व रोहिले साथी यांस ती संधी लाभली नाही. 1860 मध्ये ते निर्मल येथे फासावर गेले आणि राज्यकर्त्यांच्या लेखी ‘बंडखोर’ एवढेच राहिले. 1857 च्या उठावासही मराठीत ‘शिपायांचे बंड’ म्हणत. सावरकरांच्या 1909 च्या ग्रंथाने त्यास ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले. निर्मलच्या लोकांनी ग्रंथाची वाट पाहिली नाही. फाशीच्या त्या वडास त्यांनी तेलुगूत ‘हजार फासांचा वड’ म्हटले. हजार हा आकडा परंपरेचा; वेदना मात्र खरी.

तेव्हा टोमण्याचा अपमान केव्हा होतो, याचे गमक एकच : उत्तर देणारा उरला आहे काय? नसेल, तर वर्गात ‘बंडखोर’ हा शब्द उच्चारताना तो कोणी दिला, हेही अध्यापकाने सांगावे.