जोग–बिस्मिल्ला खाँ जुगलबंदी
हिंदुस्थानी संगीतातील व्हायोलिन व सनई यांचे विख्यात सहवादन. वाईत जन्मलेले विष्णु गोविंद जोग (१९२२–२००४) आणि डुमरावचे, परंतु काशीस कर्मभूमी मानणारे उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) हे स्वतंत्र वादक म्हणून मान्यता पावलेले कलावंत एकत्र बसले, तेव्हा नगारखान्यापुरत्या व लग्नमंडपापुरत्या मर्यादित राहिलेल्या सनईला मैफलीचा दर्जा मिळवून देणाऱ्या खाँसाहेबांच्या शेजारी, मांडी घालून व वाद्याचे टोक पावलावर टेकवून विलायती व्हायोलिन वाजविणारे जोग, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे. सनईची फुंक व व्हायोलिनचा गज या दोहोंनाही स्वर लांबविता येत असल्याने मींड (एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर सलग सरकणे) उभयपक्षी सारखीच खुलते. मात्र श्वासासाठी सनई क्षणभर थबकते तेथेही गज चालू राहू शकतो. या जुगलबंदीच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या.