परसातील कोंबडीपालन (हरिहरेश्वर परिसर)

मागीलदारी, अंगणात किंवा वाडीत पाच-पंचवीस कोंबड्या दिवसभर मोकळ्या चारून रात्री खुराड्यात कोंडण्याची घरगुती पद्धत. अंडी, मांस आणि पुढची पिल्ले या तिन्हींसाठी हे पालन होते. २०१९च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कुक्कुट पक्षी मोजले गेले. त्यांतले सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले होते, आणि २०१२च्या तुलनेत ही संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढलेली होती.

हरिहरेश्वर हे रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील, सावित्री नदीच्या मुखाजवळचे तीर्थक्षेत्र. नारळी-पोफळीच्या वाड्या, चिऱ्याची घरे, मागे झाडीचा डोंगर आणि चार महिने कोसळणारा पाऊस अशी इथली जागा आहे. तालुक्यातल्या कुणबी, कोळी, आगरी आणि मुस्लिम घरांत कोंबड्या पूर्वापार आहेत. राखण द्यायची, पाहुण्याला कोंबडी-वडे करायचे किंवा अडीनडीला चार पैसे उभे करायचे तर हात आधी खुराड्याकडे जातो. पर्यटकांमुळे गावठी कोंबडीला आणि अंड्यांना घरबसल्या गिऱ्हाईक मिळू लागले, तसे कोंबड्यांची सवय नसलेली घरेही याकडे वळतात. अशा नव्या घराने पहिल्या वर्षी घरच्या ताटापुरती अंडी आणि अंगणात टिकलेला कळप एवढीच अपेक्षा धरावी. विक्रीचा हिशेब दुसऱ्या वर्षी मांडला तरी चालतो.

जगभरच्या पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातील लाल रानकोंबडा. मात्र पुष्कळ कोंबड्यांची कातडी पिवळी असते, आणि तो गुण करड्या रानकोंबड्याकडून आल्याचे जनुकांच्या अभ्यासातून २००८ मध्ये पुढे आले. करडा रानकोंबडा सह्याद्रीचा रहिवासी आहे.

कोंबड्या आणण्याआधी खुराडे बांधून पुरे व्हावे. कळप बुडतो तो बहुधा रात्री. मुंगूस फटीतून शिरते किंवा कुडाखालची माती उकरते. उदमांजर छपरावरून उतरते. रानमांजराला आणि कोल्ह्याला दाराची कडी सैल असली तरी फावते. साप अंडी आणि पिल्ले गिळतो. म्हणून चिऱ्याचा चौथरा जमिनीपासून हात-दीड हात उंच घ्यावा आणि तळ कोब्याचा करावा. भिंतीला बारीक छिद्रांची मजबूत वेल्डमेश जाळी मारावी. षटकोनी छिद्रांची पातळ कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण दातांच्या जनावराला बाहेर ठेवत नाही. पैसे कमी असतील तर खुराडे लहान करावे, जाळी हलकी घेऊ नये. रात्रीच्या मुक्कामाला मोठ्या कोंबडीमागे दीड ते दोन चौरस फूट जागा पुरते. बसायला आडवी दांडी लावावी. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायला गवत अंथरलेला एक खण अंधाऱ्या कोपऱ्यात द्यावा.

छप्पर उतरते हवे आणि पावसाची झड येते त्या बाजूला पागोळी चांगली पुढे काढलेली हवी. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर श्रीवर्धन–दिवेआगर भागात आदळले, तेव्हा वाड्या आडव्या झाल्या आणि पत्रे उडाले. म्हणून खुराड्याचा पत्रा खिळ्यांच्या भरवशावर सोडत नाहीत, तो तारेने वाशाला आवळतात. त्यावर माडाची झापे घातली की उन्हाळ्यात आतला उकाडाही कमी होतो.

सुरुवात कार्तिकात करावी. पाऊस सरलेला असतो, भाताची झोडणी चालू असल्याने कणी-कोंडा घरात असतो, आणि त्या वेळी आणलेली पिल्ले मृग लागण्याआधी पुरती पिसावतात. वैशाखात आणलेल्या लहान पिल्लांची ओल आणि रक्ती हगवण यांच्याशी गाठ पडते. नवख्याने एक दिवसाच्या पिल्लांपेक्षा आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा घेणे बरे. राज्य शासनाच्या योजनेतही २५ तलंगा आणि ३ नर असा गट ५० टक्के अनुदानावर देण्याची पद्धत आहे. घरापुरते पाहायचे तर सहा-आठ माद्या आणि एक कोंबडा यांवर सुरुवात होते. पिल्लेच आणली तर पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, आणि पुढे दर आठवड्याला ती अडीच-तीन अंशांनी उतरवतात. दिव्याखाली पिल्ले एकावर एक चढली तर थंडी वाजते आहे, कडेला पळून चोची उघडून बसली तर उष्णता जास्त आहे. थर्मामीटरपेक्षा हे लवकर कळते.

जात कोणती घ्यावी हा प्रश्न नवा माणूस सर्वांत आधी विचारतो, पण खुराडे आणि लस यांच्यापुढे त्याचे महत्त्व कमी आहे. गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते. डझनभर अंडी घालायची, खुडूक व्हायचे, पिल्ले काढून ती वाढवायची, मग पुन्हा अंड्यावर यायचे, असा तिचा क्रम असतो. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराज आणि ग्रामप्रिया, तसेच कावेरी या सुधारित जाती तिच्या दुप्पट ते तिप्पट अंडी देतात. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत आणि नवी पिल्ले दर वेळी विकत आणावी लागतात. अंगाने जड असल्याने गिरिराज आणि वनराज घारीपुढे मंदही पडतात. मध्य प्रदेशातील झाबुआचा कडकनाथ, ज्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, कुतूहलापोटी बरेच जण आणतात, पण अंड्यांसाठी तो पक्षी नव्हे. या किनाऱ्यावर उत्तम जोड म्हणजे तीन-चार गावठी माद्या आणि बाकीच्या सुधारित. सुधारित जातीची फळलेली अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवली की वीज न जाळता पिल्ले निघतात.

एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवतात. ती आठवड्याच्या आतली आणि न धुतलेली असावीत. सातव्या रात्री अंधारात एकेक अंडे हळूच काढून बॅटरीच्या उजेडावर धरावे. जिवंत अंड्यात मधोमध काळसर ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल शिरांचे जाळे दिसते. निव्वळ पिवळट उजेड आरपार गेला तर ते अंडे पोकळ. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. पहिले काही आठवडे ती आईसकट डालग्याखाली ठेवावीत, कारण घार, कावळा आणि भारद्वाज यांचे लक्ष असतेच.

चाऱ्याचा मोठा वाटा वाडी देते. शेणखताच्या खड्ड्यातील गेंडा भुंग्याच्या अळ्या कोंबड्या वेचून खातात, आणि हाच भुंगा माडाचा कोंब पोखरतो. उलट बाजू अशी की त्या पोफळीची आळी उकरतात आणि कोवळी रोपे उपटतात, म्हणून नव्या लागवडीला झापांचे कुंपण घालावे लागते. मोकळ्या कोंबडीला वर मूठभर, म्हणजे तीस ते पन्नास ग्रॅम, कणी-कोंडा पुरतो. सुका जवळा थोडा मिसळला तर प्रथिने मिळतात, मात्र मीठ लावलेली खारी मासळी देऊ नये, जास्त मिठाने पक्षी मरतात. खडकावरच्या कालवांच्या शिंपा भाजून कुटून ठेवल्या की कवचाला लागणारा चुना फुकटात होतो. पावसाळ्यात बुरशी धरलेली पेंड किंवा मका कितीही जिवावर आले तरी फेकून द्यावा, त्यातले विष यकृतावर जाते. विष्ठेचे खत कुजवूनच आळ्यात घालावे, ताजे मुळे जाळते.

रोगांत पहिला शत्रू मानमोडी, म्हणजे राणीखेत. कुमाऊँमधील राणीखेत गावी १९२०च्या दशकात हा रोग भारतात प्रथम नोंदला गेला, म्हणून हे नाव पडले. हिरवट-पांढरी हगवण, घरघर, मग वाकडी मान, आणि दोन-चार दिवसांत आख्खे अंगण रिकामे. उपचार नाही, लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना लासोटा, चौथ्या आठवड्याच्या सुमारास तीच पुन्हा, आणि आठव्या आठवड्यानंतर आरटूबी ही टोचायची लस. लासोटा देताना पिल्लू तळहातावर आडवे धरून डोळ्यात एक थेंब सोडतात आणि त्याने पापणी मिटून थेंब आत घेईपर्यंत सोडत नाहीत. एवढे सोपे काम असूनही घरोघरी ते चुकते, कारण कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची येते, बर्फातून आणावी लागते आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी कोणी वीस किलोमीटरवरच्या श्रीवर्धनला जाऊन ती आणत नाही. यावर खरा उपाय म्हणजे आळीतल्या सगळ्या घरांनी एक दिवस ठरवून एकच कुपी आणणे. शेजारच्या अंगणात रोग आला की आपली लस न दिलेली कोंबडी वाचत नाही, त्यामुळे यात सर्वांचाच फायदा आहे. डासांमुळे पसरणाऱ्या देवीची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात पंखाच्या पातळ कातडीत टोचतात. तलंगा विकत घेताना यांतल्या कोणत्या लसी झाल्या आहेत, ते विचारून लिहून ठेवावे.

बर्ड फ्लू देशात प्रथम आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात. रायगड जिल्ह्यात जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातील चिरनेर येथे तो परसातल्या कोंबड्यांपर्यंत पोचला. अचानक अनेक पक्षी मेले तर ते कापू, विकू किंवा खाडीत टाकू नयेत आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. मोठ्या अडचणीसाठी रोह्याजवळ किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेता येतो.

दीड-दोन वर्षांनी कोंबडा बदलावा लागतो, नाहीतर बापाकडून लेकीला पिल्ले होऊन अंडी पोकळ निघू लागतात आणि पिल्ले अशक्त होतात. मारळ, बागमांडला किंवा काळिंजे अशा शेजारच्या गावातील ओळखीच्या घराशी कोंबड्याची अदलाबदल करणे हा बिनखर्चाचा मार्ग आहे. आणलेला कोंबडा पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवतात, त्याची विष्ठा आणि श्वास पाहतात, आणि मग संध्याकाळी अंधार पडल्यावर इतरांच्या दांडीवर नेऊन बसवतात.