शस्त्रांच्या काळाची साक्ष देणारी विजापूरची पोथी

नागपूरकर भोसल्यांची फिरंग तलवार २०२५ मध्ये राज्य शासनाने लंडनच्या लिलावातून ४७.१५ लाख रुपयांना मिळवली. पाते युरोपीय घडणीचे असूनही तिची ओळख पटली, ती त्यावर सोन्यात कोरलेल्या रघूजी भोसले यांच्या नावामुळे. असे भाग्य फारच थोड्या शस्त्रांच्या वाट्याला येते. दख्खनच्या बहुतेक जुन्या तलवारी व कट्यारींवर ना धन्याचे नाव असते, ना घडविल्याचे वर्ष.

अशा मुक्या शस्त्रांचा काळ ठरविताना अभ्यासक ज्या साधनांकडे वळतात, त्यांत 'नुजूम-उल-उलूम' या सचित्र फारसी हस्तलिखिताचे स्थान मोठे आहे. ते १५७०-७१ मध्ये विजापुरात, पहिल्या अली आदिलशहाच्या काळात सिद्ध झाले. हा अली म्हणजे चांदबिबीचा पती आणि १५६५ च्या तालिकोटच्या लढाईतील एक विजेता. ग्रंथ त्यानेच रचला, असेही काही अभ्यासक मानतात. शेकडो चित्रांच्या या ग्रंथात ग्रह, नक्षत्रे, तावीज आणि देवतासदृश शक्तींबरोबरच हत्ती, घोडे व शस्त्रेही आली आहेत.

ज्योतिषाच्या ग्रंथात शस्त्रे कशी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु ही जुनीच परंपरा होय. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त खड्गलक्षणाचा स्वतंत्र अध्याय आहे. उत्तम खड्ग पन्नास अंगुळे लांब असावे, पंचवीस अंगुळांचे कनिष्ठ, असे तो सांगतो. पात्यावरील डाग विषम अंगुळावर पडला तर तो अशुभ मानतो. राजाच्या दृष्टीने शस्त्राची धार जितकी महत्त्वाची, तितकेच त्याचे शुभाशुभही. विजापूरच्या ग्रंथकर्त्याने फारसीबरोबर भारतीय ज्ञानपरंपरेचाही आधार घेतला आहे.

अर्थात, चित्र म्हणजे मोजमाप नव्हे. चित्रकार मूठ सजवतो, वाक वाढवतो. शिवाय चित्रातला घाट १५७० मध्ये प्रचलित होता एवढेच त्यावरून कळते. तोच घाट पुढे शंभर वर्षेही घडविला गेलेला असू शकतो. म्हणून पोलाद, मुठीचे जडावकाम आणि शस्त्रागारांच्या नोंदी यांच्याशी ताडून पाहिल्याखेरीज केवळ चित्रावरून तलवारीचे वय सांगणे धाडसाचे ठरते.

हे हस्तलिखित आज आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे.