एका रकान्यात न मावणारी कामं



गेल्या महिन्यात पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. लेकीचा बायोडाटा करायला बसली होती आणि ‘नोकरी/व्यवसाय’ या रकान्यावर अडली होती. मुलगी आठवड्यातले तीन दिवस एका कंपनीचे हिशेब बघते, दोन दिवस दुसऱ्या कंपनीचे, आणि रोज संध्याकाळी अकरावी-बारावीच्या मुलांना ऑनलाइन अकाउंट्स शिकवते. “लोक म्हणतील, हिला धड एक नोकरी मिळेना,” बहीण म्हणाली. मुलीचं म्हणणं, हे तिने ठरवून निवडलंय, हल्ली असंच असतं.

हल्ली? मला तर आपलं जुनं सोलापूर आठवलं.

असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मं आदिनाथ भगवंतांनी शिकवली, हे आपण पाठशाळेपासून ऐकतो. एका माणसाने जन्मभर त्यातलं एकच धरावं, असं मी तरी कुठल्या प्रवचनात ऐकलं नाही. ज्यांच्या नावाच्या कॉलेजात मी बी.कॉम. झाले, त्या शेठ हिराचंद नेमचंद दोशींचंच बघा. घरची पेढी, कापसाचा व्यापार, आणि त्याच हातांनी ‘जैन बोधक’ हे मराठी मासिक. ते निघालं एकोणिसाव्या शतकात, आपल्याच गावातून. धर्मग्रंथ छापावेत की नाही यावरच आपल्या समाजात वाद होते तेव्हाची ही गोष्ट. त्यांना कोणी विचारलं असेल का, शेठजी, तुम्ही नेमके व्यापारी की संपादक?

त्यांचे चिरंजीव वालचंद 1882 साली सोलापुरातच जन्मले. पेढीवर मन रमेना, म्हणून रेल्वेतले माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेचं कंत्राट घेतलं. पुढे 1919 मध्ये सिंदिया जहाज कंपनी. बांधकाम सुरूच होतं. मग रावळगाव आणि वालचंदनगरचे साखर कारखाने, 1940 मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी, पाठोपाठ मोटारी. हे सगळं एकमेकांत गुंतलेलं, एकाच वेळी. आपण त्यांना उद्योगमहर्षी म्हणतो, आणि ते योग्यच आहे.

हिराचंद शेठजींची लेक कंकुबाई. वैधव्य आलेल्या बाईने त्या काळी कोपऱ्यात बसायचं. कंकुबाई मगनबाईंच्या बरोबरीने श्राविकाश्रमाच्या कामात उतरल्या. शिकवायचं, मुलींची राहण्या-जेवण्याची काळजी घ्यायची, देणग्यांसाठी हिंडायचं, सभेत बोलायचं. मोजली तर वालचंद शेठपेक्षा कामं कमी भरणार नाहीत. पण भावाच्या कामांना ‘उद्योग’ म्हटलं गेलं आणि बहिणीच्या कामांना ‘सेवा’. ताळेबंद वाचायची सवय असल्याने असेल, मला हा फरक खटकतो.

मग एक माणूस, एक नोकरी ही रीत आली कुठून? आपल्या गावापुरतं सांगायचं तर मिलच्या भोंग्याबरोबर. जुनी मिल 1877 मध्ये सुरू झाली, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. भोंग्यावर आत जायचं, भोंग्यावर बाहेर यायचं. 1948 च्या कारखाना कायद्याचं 60 वं कलम तर सांगत होतं की एका कारखान्यात काम केलेल्या कामगाराला त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात कामावर घेता येणार नाही. हेतू चांगला होता, माणूस पिळला जाऊ नये. त्याच सुमारास विमा आला, 1952 मध्ये प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा आला, आणि ‘कायम’ नोकरीला मान आला. मिलमधला जावई म्हणजे सुरक्षित जावई.

पण मिलकामगाराच्या घरातसुद्धा खरं काम एकच कधी नव्हतं. नवरा मिलमध्ये, बायको घरी विड्या वळणारी. पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांत पुरुष मागावर बसत आणि बाई कांड्या भरून, स्वयंपाक करून, पुन्हा विड्यांचं सूप पुढ्यात ओढी. (तंबाखूचा धंदा आपल्याला वर्ज्य, पण ते सूप मी शेजारी रोज पाहिलंय, त्या बोटांना दोष देववत नाही.) हजार विड्यांमागे मजुरी. साठच्या दशकात जुनी मिल बंद पडली, नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू. भोंगे थांबले तेव्हा कितीतरी घरं त्या सुपावरच तगली. कोणी भाकरी थापून विकली, कोणी शेंगाचटणी कुटली. त्याला कोणी करिअर म्हटलं नाही. ‘हातभार’ म्हटलं.

म्हणजे ती कायम नोकरीची रीत आपल्या गावात जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं टिकली. तिच्या आधी आणि नंतर माणसं अनेक कामं करतच होती. फरक एवढाच, की वालचंद शेठ पडले असते तर मागे पेढी होती. विडीवालीच्या मागे काही नव्हतं.

म्हणून मी भाचीला फोन लावला. करिअरबद्दल काही बोललेच नाही. प्रॉव्हिडंट फंड कुठे कापला जातो? कुठेच नाही, म्हणाली, सगळीकडे ती कंत्राटावर. आजारपणाचा विमा? “घ्यायचाय, मावशी.” पहिल्या कंपनीला दुसरीचं माहीत आहे का? हो, लेखी परवानगी घेतलीय. हे ऐकून बरं वाटलं. 2022 मध्ये विप्रोने लपून दुसरीकडे काम करणाऱ्या 300 जणांना घरी पाठवलं होतं, ते मी पेपरात वाचलंय. शिवाय लपवलं की ते सत्य-अचौर्याच्याही आड येतं.

मग विचारलं, जेवतेस कधी? क्लास साडेसहाचा, संपतो साडेआठला. म्हणजे सूर्यास्ताआधीचं जेवण गेलं, सामायिकाची 48 मिनिटंही गेली. परिग्रहाचं परिमाण करतो तसं कामांचंही करता येतं, एवढंच मी म्हटलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. “क्लास सात वाजता ठेवता येतो का, मुलांना विचारते.”

बायोडाटात आम्ही तिन्ही कामं लिहिली. रकाना पुरेना, तेव्हा खालची ‘छंद’ची ओळ काढून टाकली.