भ्रमणध्वनीवरील आंतरजाल (महाराष्ट्रातील आरंभकाळ)

भ्रमणध्वनीवरील आंतरजालाचा आरंभकाळ म्हणजे स्पर्शपटलाचे स्मार्टफोन सर्वत्र पोहोचण्यापूर्वी, कळांच्या साध्या भ्रमणध्वनी संचांवरून (मोबाइलवरून) संकेतस्थळे पाहण्याचा काळ होय. जगात त्याची सुरुवात १९९९ च्या सुमारास झाली. महाराष्ट्रात हा काळ साधारणपणे २००० ते २०१६ असा मानता येतो. या काळात भ्रमणध्वनी आंतरजालाशी लवकर जोडला गेला. परंतु त्याच्या पटलावर मराठी मजकूर नीट दिसू लागण्यास आणखी बरीच वर्षे जावी लागली. त्यामुळे आकडे आणि रोमन लिपीतील मजकूर आधी खेड्यापाड्यांत पोहोचला, तर देवनागरीतील सलग वाचन सर्वांत शेवटी आले.

पार्श्वभूमी

भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाले. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा सुरू केली. या दोन सेवा अवघ्या पंधरा दिवसांच्या अंतराने आल्या, तरी अनेक वर्षे त्या एकमेकींपासून अलगच राहिल्या. आंतरजालासाठी संगणक, दूरध्वनीची तार आणि मोडेम लागत असे; भ्रमणध्वनी केवळ बोलण्यासाठी आणि लघुसंदेशासाठी (एसएमएस) वापरला जाई.

दूरसंचाराच्या विभागणीत मुंबई हे स्वतंत्र परिमंडळ होते, तर उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे परिमंडळ होते. साहजिकच नव्या सेवा आधी मुंबईत, मग पुण्यासारख्या मोठ्या शहरांत आणि त्यानंतर मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथे पोहोचत. भारत संचार निगमने ऑक्टोबर २००२ मध्ये भ्रमणध्वनी सेवेत पदार्पण केले. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमची सेवा आली. १ मे २००३ पासून येणाऱ्या संभाषणाचे शुल्क रद्द झाले. या घडामोडींनंतर भ्रमणध्वनी मध्यमवर्गीयांच्या आणि शेतकऱ्यांच्या हाती येऊ लागला.

तंत्रज्ञान

वॅप

एरिक्सन, मोटोरोला, नोकिया आणि अनवायर्ड प्लॅनेट या कंपन्यांनी १९९७ मध्ये एकत्र येऊन भ्रमणध्वनीसाठी आंतरजालाची एक निराळी, आटोपशीर पद्धत तयार केली. तिला वॅप असे नाव होते. संगणकावरील पाने एचटीएमएल या भाषेत लिहिली जात; वॅपसाठी डब्ल्यूएमएल ही वेगळी भाषा ठरवण्यात आली. तिच्यात पानाऐवजी ‘पत्ता’ ही कल्पना होती. पत्त्यांचा एक छोटा जुडगा एका वेळी संचात उतरे आणि वापरकर्ता एकेक पत्ता उलगडत जाई.

१९९९ मध्ये आलेला नोकिया ७११० हा वॅप न्याहाळक (ब्राउझर) असलेला पहिला संच मानला जातो. त्याचा एकरंगी पटल ९६ × ६५ बिंदूंचा होता आणि एका वेळी सुमारे १.४ किलोबाइट एवढाच मजकूर त्यात मावे. जोडणी साध्या संभाषणाप्रमाणे होई; वेग सेकंदाला ९.६ किलोबिट आणि आकारणी मिनिटावर. वाचक विचार करीत थांबला, तरी घड्याळ चालूच राही.

जीपीआरएस आणि एज

जीपीआरएस पद्धतीत माहितीचे छोटे तुकडे करून पाठवले जातात. त्यामुळे मिनिटांऐवजी उतरवलेल्या माहितीच्या आकारमानावर शुल्क आकारणे शक्य झाले. या पद्धतीचा कागदावरील कमाल वेग सेकंदाला सुमारे १७१ किलोबिट असला, तरी प्रत्यक्षात ३० ते ४० किलोबिट मिळत. ‘एज’ ही तिची सुधारित आवृत्ती होती. नवीन संच घेतल्यावर ‘जीपीआरएस सेटिंग’ कंपनीकडून लघुसंदेशाने मागवावे लागे; ते साठवल्याशिवाय न्याहाळक उघडत नसे.

कंपन्या आपापली प्रवेशद्वारेही चालवीत. एअरटेल लाइव्ह, व्होडाफोन लाइव्ह आणि रिलायन्सचे आर वर्ल्ड ही त्यांपैकी परिचित नावे होती. त्यांत रिंगटोन, भविष्य, चित्रपटगीते, क्रिकेटचा धावफलक आणि बातम्यांचे मथळे असत. पुष्कळ वापरकर्त्यांच्या लेखी हेच ‘नेट’ होते.

ऑपेरा मिनी

नॉर्वेच्या ऑपेरा सॉफ्टवेअर कंपनीने जानेवारी २००६ मध्ये ऑपेरा मिनी हा न्याहाळक जगभर उपलब्ध करून दिला. जावा चालणाऱ्या साध्या संचावरही तो उतरवता येई. त्याची युक्ती अशी की, संकेतस्थळाचे पान थेट संचाकडे येत नसे. ते आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाई, तेथे त्याची मांडणी आणि संक्षेप होई आणि मगच हलके रूप संचात उतरे. त्यामुळे पानाचे वजन ९० टक्क्यांपर्यंत घटे.

याचे महत्त्व हिशेबाने कळते. त्या काळी दहा किलोबाइटला दहा पैसे असा दर बराच रूढ होता. तीनशे किलोबाइटचे पान थेट उघडल्यास तीन रुपये पडत आणि सेकंदाला ३० किलोबिट वेगाने ते उतरण्यास ८० सेकंद लागत. तेच पान एक दशांशावर आले, तर तीस पैसे आणि आठ सेकंद पुरत. याच तत्त्वावरील यूसी ब्राउझर हा चिनी न्याहाळकही पुढे भारतात लोकप्रिय झाला.

देवनागरीचा प्रश्न

मराठी पान आरंभीच्या संचावर उघडले असता दोन प्रकारची निराशा वाट्याला येई. वरवर त्या सारख्या भासत, परंतु त्यांची कारणे भिन्न होती.

पहिल्या प्रकारात अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकोनांच्या रांगा दिसत. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्थान आहे. चौकोन दिसणे याचा अर्थ मजकूर योग्य संकेतांत आलेला आहे, पण तो दाखवण्यासाठी लागणारा टंक (फॉन्ट) संचात नाही. येथे मजकूर निर्दोष आणि यंत्र अपुरे होते.

दुसऱ्या प्रकारात रोमन अक्षरे, विरामचिन्हे आणि विचित्र खुणा यांची खिचडी दिसे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी वृत्तपत्रे आणि अनेक संस्था आपल्या संकेतस्थळांसाठी खासगी टंक वापरीत. त्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत. संगणकावर तो विशिष्ट टंक असेपर्यंत मराठी दिसे. तो नसला की खालची रोमन चिन्हे उघडी पडत. येथे मजकूरच मुळात मराठी नव्हता, केवळ मराठीसारखा दिसत होता. संचात देवनागरी टंक असूनही अशा पानांचा उपयोग होत नसे आणि ऑपेरा मिनीच्या सर्व्हरलाही ती वाचता येत नसत.

टंक असला, तरी अक्षरांची जुळणी हा पुढचा अडथळा होता. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना क आधी आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर येते. पटलावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण साठवणीत तो दहा चिन्हांचा आहे. ही जुळणी न करणाऱ्या संचांवर जोडाक्षरे सुटी पडत, पाय मोडलेली व्यंजने ओळीने उभी राहत आणि वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटत.

मराठीच्या काही अडचणी हिंदीहूनही वेगळ्या होत्या. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील र-काराचा भेद हिंदीत नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्यापूर्वीच्या टंकांत ते असण्याचा प्रश्नच नव्हता. हिंदी वळणाचे ल आणि श तर अनेक संचांवर दीर्घकाळ दिसत राहिले. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाणित रूप निश्चित केले.

हा अडथळा तंत्रज्ञानाच्या मर्यादेमुळे अटळ होता, असे म्हणता येत नाही. जपानमध्ये एनटीटी डोकोमो कंपनीची आय-मोड ही भ्रमणध्वनी आंतरजाल सेवा फेब्रुवारी १९९९ मध्ये सुरू झाली. तिच्यात जपानी लिपी पहिल्या दिवसापासून होती, कारण संच त्याच बाजारपेठेसाठी आणि त्याच कंपनीच्या अपेक्षेनुसार घडवलेले होते. मराठीच्या वाट्याला असा आग्रह धरणारा ग्राहक किंवा निर्माता बराच काळ आला नाही.

पर्यायी मार्ग

चित्राक्षरे. ऑपेरा मिनीच्या पत्त्याच्या चौकटीत ‘ऑपेरा’, अपूर्णविराम आणि ‘कॉन्फिग’ असे रोमन लिपीत लिहिले असता एक आडबाजूचे पान उघडे. त्यात गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप टंक वापरण्याचा पर्याय होता. तो चालू केल्यावर देवनागरी अक्षरांची जुळणी सर्व्हरवरच होई आणि संचाकडे त्यांची चित्रे येत. पान काहीसे जड होई, पण संचात टंक नसतानाही मराठी वाचता येई. ही युक्ती मित्रमंडळींत तोंडोतोंडी पसरली.

रोमन मराठी. लघुसंदेशात रोमन लिपीची १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीची केवळ ७०. त्यातही प्रत्येक मात्रा आणि वेलांटी स्वतंत्र मोजली जाते. त्यामुळे मराठी रोमन लिपीत लिहिणे स्वस्त आणि सोयीचे ठरले. मात्र एम, ए, एल, ए ही चार अक्षरे ‘मला’, ‘माला’, ‘मळा’ आणि ‘माळा’ यांपैकी कशासाठीही चालत. अर्थ संदर्भावरून लावावा लागे. देवनागरी कळफलक सहज उपलब्ध झाल्यानंतरही ही सवय पुष्कळांमध्ये टिकून राहिली.

लघुसंदेशावरील माहितीसेवा. ऑक्टोबर २००७ मध्ये रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा महाराष्ट्रात मराठीतून सुरू झाली. वर्गणीदार शेतकऱ्यास निवडलेल्या पिकांचे बाजारभाव, हवामान आणि कृषिवार्ता लघुसंदेशाने मिळत. तिची कार्डे टपाल कार्यालयांतूनही विकली जात. नोकिया लाइफ टूल्स या सेवेचा प्रायोगिक टप्पाही महाराष्ट्रातच पार पडला आणि २००९ मध्ये ती विस्तारली. तिचा दर्शनी भाग चित्रांच्या यादीचा होता, पण आतील वाहतूक लघुसंदेशाची असल्याने जीपीआरएस लागत नसे. अशा सेवांचा लाभ किती, हा प्रश्न अभ्यासला गेला आहे. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन या अर्थतज्ज्ञांनी महाराष्ट्रातील शंभर गावांत रॉयटर्सच्या सेवेची पाहणी केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांच्या पदरी पडलेल्या भावात सरासरीने लक्षणीय वाढ आढळली नाही.

छत्रपती संभाजीनगर आणि मराठवाडा

छत्रपती संभाजीनगर (त्या काळचे औरंगाबाद) हे विद्यापीठाचे आणि औद्योगिक वसाहतींचे शहर. जालना, बीड, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांसाठीचे माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचे विभागीय कार्यालयही येथे आहे. भ्रमणध्वनीवरील आंतरजालाच्या आरंभीच्या उपयोगांत दहावी-बारावीचे निकाल, रेल्वे आरक्षणाची स्थिती, धावफलक आणि बाजारभाव हे ठळक होते. या सर्वांत मुख्य भाग आकड्यांचा असल्याने देवनागरीवाचून अडत नसे. बातमी, लेख, शासकीय योजनेची माहिती किंवा आरोग्यविषयक सल्ला यांसाठी मात्र सलग मराठी मजकूर लागतो. इंग्रजी न वाचणाऱ्याला तो भ्रमणध्वनीवर मिळत नव्हता.

या शहराचा संच-निर्मितीच्या व्यवसायाशीही संबंध आला. पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे नोंदणीकृत कार्यालय असलेल्या व्हिडिओकॉन उद्योगसमूहाने नोव्हेंबर २००९ मध्ये भ्रमणध्वनी संच बाजारात आणले आणि २०१० मध्ये दूरसंचार सेवाही सुरू केली. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिलेले १२२ परवाने रद्द केले. त्यांत व्हिडिओकॉनच्या २१ परवान्यांचा समावेश होता.

कालखंडाची अखेर

खासगी कंपन्यांची थ्रीजी सेवा २०१० च्या अखेरीस सुरू झाली. अँड्रॉइड प्रणालीच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरीची सोय नव्हती. त्यामुळे महागडा स्मार्टफोन घेऊनही मराठीसाठी ऑपेरा मिनीच्या चित्राक्षरांकडेच वळावे लागे. ऑक्टोबर २०११ मधील ४.० आवृत्तीपासून देवनागरी टंक आला आणि पुढील आवृत्त्यांत जुळणी सुधारली. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६३३३ (भाग ३) या मानकाने भ्रमणध्वनी संचावर सर्व अधिकृत भारतीय भाषा वाचता येणे, तसेच इंग्रजी, हिंदी आणि आणखी एका भारतीय भाषेत लिहिता येणे अपेक्षिले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची फोरजी सेवा सुरू झाली, दर झपाट्याने उतरले आणि किलोबाइट मोजण्याचा काळ संपला.

वारसा

या काळातील मराठी मजकुराचे पुढे काय झाले, हे तो कोणत्या संकेतांत लिहिला होता यावर ठरले. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला आणि त्याचे लेखन युनिकोडमध्ये होत आले. हाच मजकूर तत्कालीन संचांवर चौकोनांच्या रूपात दिसे. आज तो कोणताही बदल न करता कोणत्याही भ्रमणध्वनीवर वाचता येतो आणि शोधयंत्रांना सापडतो. खासगी टंकांतील मजकूर मात्र रूपांतर केल्याशिवाय वाचता येत नाही आणि शोधताही येत नाही. ज्या संकेतस्थळांनी आपले जुने अंक रूपांतरित केले नाहीत, त्यांचे त्या वर्षांतील लेखन सर्व्हरवर असूनही वाचकाला दुरावले आहे.

हेही पाहा

युनिकोड
देवनागरी
ऑपेरा मिनी
लघुसंदेश सेवा
मराठी विकिपीडिया